कात्री डब्यात

लाइल ब्रँडवॉल्डला माणसं आवडायची नाहीत, माणसांचे हक्क आवडायचे. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेही कार्यक्रम चालू असताना, त्यामुळे माणूस गेल्यावर मागे बोलते असं मला कुणी म्हणू नये. तेव्हा तो खूश झाला होता. "हे वाक्य ठेवू या," म्हणाला. जसं काही तो कधी एखादं वाक्य काढून टाकायचा.

आमचा कार्यक्रम दर गुरुवारी संध्याकाळी, मिनेसोटातल्या डुलुथमध्ये, त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत व्हायचा. नाव 'मान्य नाही'. फोनवर, टीव्हीवर, आता तर फ्रिजवरसुद्धा लांबलचक अटी येतात आणि खाली 'मान्य आहे' असं एकच बटण असतं, त्याच्यावर राग म्हणून हे नाव. आठवड्याच्या तंत्रज्ञानाच्या बातम्या घ्यायच्या आणि त्यांची सालं काढायची, एवढंच काम. मी टेलिफोन कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्यात जन्म काढला. शिव्या खायची सवय होतीच, द्यायची सोय निवृत्तीनंतर झाली. इंटरनेटवर आम्हाला ऐकणारे थोडे, पण कट्टर.

सुरुवात ठरलेली. लाइल त्याच्या आईची शिवणाची मोठी कात्री कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. खण्ण. मग माईकजवळ धरून झाकण लावायचा आणि म्हणायचा, "कात्री डब्यात." याचा अर्थ, आता जे बोललं जाईल ते जसंच्या तसं जाणार. खोकला, शिंक, चूक, शिवी, सगळं. लोकांना याचं इतकं कौतुक की काही जण आम्हाला टपालाने कात्र्या पाठवायचे. लाइलने त्या भिंतीवर खिळ्यांना टांगल्या होत्या आणि माझ्या डोक्यामागेच टांगल्या होत्या.

मध्ये एकदा एका मोठ्या कंपनीने आमचा एक भाग पुसून टाकला, कारण त्यात आम्ही तिच्याच फोनची खरडपट्टी काढली होती. त्यावर लाइलने ऐकणाऱ्यांना हाक दिली, की प्रत्येक भागाची प्रत आपापल्या घरी उतरवून ठेवा, मग पुसू दे कुणाला पुसायचं ते. या लोकांना तो राखणदार म्हणायचा. कार्यक्रमाचं शेवटचं वाक्यही त्यांच्यासाठीच असायचं: "राखणदारांनो, कुणावर विश्वास ठेवू नका. 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणणाऱ्यावर तर मुळीच नाही." लोक हे वाक्य कपांवर छापून घ्यायचे. माझ्याकडेही तो कप आहे. त्यात मी आता चमचे ठेवते.

कारिसा माझी भाची. बहीण लवकर गेली, पोर माझ्या घरात वाढली, मग लग्न करून शेजारच्या राज्यात, फार्गोला गेली. नवरा ब्रेंट. तो तिला मारत नव्हता, असं लोक त्याच्या बाजूने सांगतात. तो तिला शोधायचा. ती किराणा दुकानात उभी असली की फोन यायचा, त्या रांगेत काय करतेस म्हणून. ती मैत्रिणीच्या घरी वळली की हा आधीच बाहेर गाडीत बसलेला. आदल्या हिवाळ्यात ती अंगावरच्या कोटानिशी माझ्या दारात आली. लाइलने तिचा फोन उघडला, आत दडवलेला पाळतीचा प्रोग्राम शोधून काढला, आणि त्याच दिवशी तिला दुसरा स्वच्छ फोन करून दिला. तेव्हा तो तिच्याशी इतका हळू बोलत होता की मला वाटलं याला बरं नाही. पुढे तिने एक खोली घेतली, आईचं आडनाव लावलं आणि बेकरीत पहाटेच्या पाळीवर लागली. ती कुठे काम करते हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि लाइलला माहीत होतं.

त्या गुरुवारी मी बातम्या वाचत होते.

"एका फ्रिजच्या कंपनीने नवीन अटी काढल्यात. मान्य केल्या नाहीत तर दारावरचा पडदा बंद. बर्फ मात्र मिळत राहील."

"उपकार झाले," लाइल म्हणाला. "जानेवारीत, मिनेसोटात, बर्फ. थांब, पेन दे, आत्ताच सही करतो."

"पुढची. मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलणारं यंत्र आलंय. जुने निरोप त्यात घालायचे, की आई परत बोलायला लागते."

"कुणाची आई?"

"तुझी समज."

"माझी आई स्वतःहून गप्प बसली ती फक्त मरताना. मी पैसे देऊन तिला पुन्हा चालू करू? वेड लागलंय का मला?"

"लोक रडतायत रे ते ऐकून."

"रडणारच. आणि रडता रडता मध्येच आई म्हणणार, बाळा, या महिन्याचे पैसे भर, नाहीतर मी पुन्हा मेले."

मला हसू आलं. तो माणूस मला आवडत नसे तेव्हाही त्याच्यावर हसू यायचं, हीच तर पंचाईत होती. मग मी तिसरी बातमी घेतली. हॉटेलातल्या एका वेट्रेसला रडवून त्याचा व्हिडिओ टाकणाऱ्या पोराने आता माफीचा व्हिडिओ टाकला होता.

"कसा बसलाय?" लाइलने विचारलं.

"जमिनीवर. करड्या स्वेटरमध्ये. केस विस्कटलेले."

"विस्कटायला वेळ गेला असेल बिचाऱ्याचा."

"मला विचारशील तर," मी म्हणाले, "ज्याला माफी मागायची आहे त्याने त्या बाईकडे जावं. कॅमेरा घरी ठेवून जावं. बाकी सगळा धंदा."

"आर्डिस आज धर्मोपदेश करतेय. पुढे?"

पुढची बातमी दारावरच्या घंटीतल्या कॅमेऱ्याची होती. ती बनवणाऱ्या एका कंपनीने जाहीर केलं होतं, की इथून पुढे पोलिसांनी मागितलं तर घरमालकाला न विचारता चित्रण देणार. लाइल पेटला. खुर्चीत पुढे सरकला, माईक जवळ ओढला.

"लोक म्हणतात, माझं काय जातंय? मी सांगतो कुणाचं जातं. ही आपली आर्डिस. हिची भाची. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून फार्गोहून पळून आलेली पोर. पहाटे अंधारात ग्रँड अव्हेन्यूवरून चालत त्या फिनिश बेकरीत कामाला जाते आणि वाटेतलं एकूण एक दार तिच्याकडे बघत असतं. त्या पोरीला कुणी विचारलं? तिची परवानगी कुणी घेतली?"

मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

"आई गं! आर्डिसने मला लाथ मारली. हेही ठेवू या," तो म्हणाला आणि तसाच पुढे बोलत राहिला.

आमच्या ध्वनिमुद्रणाच्या यंत्राची रचना लाइलनेच केलेली होती. लाल दिवा बंद केला, की आमचा भाग आपोआप इंटरनेटवर चढायचा. मध्ये विचार करायला जागाच ठेवलेली नव्हती. दिवा बंद झाला तशी मी त्याच्याकडे वळले.

"काढ ते," मी म्हणाले.

"काय काढू?"

"तू आत्ता काय बोललास ते तुला कळलं का? फार्गो म्हणालास. भाची म्हणालास. रस्ता, बेकरी, वेळ. आणखी काय सांगायचं राहिलं? बुटाचा नंबर?"

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. तो मी पाहिला. पण लगेच त्याने हनुवटी वर केली. "नाव घेतलं नाही मी."

"अरे गाढवा, ब्रेंटला भाची कोण हे विचारावं लागेल का? तो आपला कार्यक्रम ऐकायचा. गाडीत लावायचा आणि माझी नक्कल करायचा, कारिसाने सांगितलंय मला."

"अगं, पण कापायचं म्हणजे... आज हे कापलं, उद्या कुणी म्हणेल ते काप. मग थांबायचं कुठे?"

"कारिसाच्या दारात थांबायचं! तिथे थांब!"

"मी पुढच्या भागात माफी मागतो. नीट, स्पष्ट मागतो."

"म्हणजे ज्याने ऐकलं नसेल त्यालाही कळेल. वा! करडा स्वेटर आहे का घरात?"

 मी कोट घातला. तो डबा उचलून फेकावा असं फार वाटलं, पण त्यात त्याच्या आईची कात्री होती. बाईशी माझं काही भांडण नव्हतं.

सकाळी मी बेकरीच्या मागच्या दाराला गेले. कारिसा पिठाचे हात पुसत बाहेर आली. मी सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली.

"तुमची ती बडबड तुम्हाला एवढी प्यारी का आहे गं मावशी? जगात कुठे काय चाललंय त्यावर तुम्हा दोघांना मत पाहिजे. मला एक खोली पाहिजे होती, बाकी काही नाही."

"मी नाही बोलले. मी त्याला लाथ मारली."

"तेही सगळ्यांना कळलं म्हणजे."

मला लागलं ते. पण ती खोटं काय बोलत होती? तिने दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि थोडा वेळ डोळे मिटले. मग एकदम शांतपणे म्हणाली, "हात लावू नका त्या भागाला. ब्रेंट हल्ली ऐकतो की नाही, देव जाणे. दोन आठवड्यांत लोक विसरतील. तुम्ही बोंब मारली नाही तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्या लाइलला सांग, गप्प बस. जमेल का त्याला?"

"आणि ब्रेंटने ऐकलं असेल तर?"

"तर मी जाईन. आणि कुठे ते तुला सांगणार नाही."

"मला? मला नाही सांगणार?"

"तुला तर मुळीच नाही. तो पहिला तुझ्याच दारात येणार. आणि तुझ्या तोंडातून नाही निघालं तरी तुझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. लहानपणी वाढदिवसाची भेट काय आहे हे मला आदल्या दिवशीच कळायचं."

ती आत गेली. आम्हा दोघींच्या आयुष्यात ते सगळ्यात शहाणपणाचं बोलणं होतं आणि ते मी लाइलपर्यंत पोचवेपर्यंत उशीर झाला होता. कारण लाइलला आदल्या रात्री पाझर फुटला होता. मी दुकानात शिरले तर तो लहान मुलासारखा हसत उभा.

"कापलं," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा. तुझ्यासाठी. सकाळीच कापून चढवलं."

"आणि राखणदार? त्यांच्याकडे जुनी प्रत आहे ना?"

"तेवढी अक्कल आहे मला. आधी सगळ्यांना लिहिलं. म्हटलं, या भागातून थोडंसं काढतोय, कारण विचारू नका, तुमच्याकडची प्रत पुसून टाका, माझ्यावर विश्वास ठेवा."

मी खाली बसले. "काय लिहिलंस?"

"माझ्यावर विश्वास..." तो म्हणाला आणि थांबला. ज्या माणसांना त्याने वर्षानुवर्षं हेच एक वाक्य म्हणणाऱ्यावर तुटून पडायला शिकवलं होतं, त्यांनाच त्याने ते लिहिलं होतं. त्याच्या हातात त्याचा कप होता. त्यावरही ते छापलेलं होतं.

दुपारपर्यंत राखणदारांच्या इंटरनेटवरच्या पानावर आग लागली. त्यांनी जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी शेजारी ठेवून नेमका कापलेला तुकडा बाहेर काढला होता. वर मथळा: कात्री लागली! खाली तो तुकडा ऐकायला ठेवलेला, आणि ज्यांना ऐकायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी शब्दन् शब्द लिहूनही दिलेला. जो तुकडा कुणी कान देऊन ऐकला नसता तो आता माहीत नाही असा माणूस उरला नाही. घंटीच्या कंपनीने लाइलचं तोंड दाबलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग काय, लढाई. 'हे जितक्या ठिकाणी टाकता येईल तितक्या ठिकाणी टाका.' 'लाइल विकला गेला, आपण नाही.' 'भाची खरी आहे का? की दबावाखाली तिलाही गायब केलं?' आणि एकाने लिहिलं होतं, 'मी जवळच राहतो. ग्रँड अव्हेन्यूवर फिनिश बेकरी एकच आहे. उद्या जाऊन तिलाच विचारतो.'

मी कधी त्या पानावर लिहीत नसे. त्या दिवशी लिहिलं. मी आर्डिस निएमी, ती माझी भाची आहे, तिच्या जिवाला धोका आहे, हात जोडते, तो तुकडा काढा. उत्तरं लगेच आली. 'हे तूच लिहितेस याचा पुरावा?' 'आर्डिसकडून जबरदस्तीने लिहून घेतलंय, ती हात जोडणारी बाई नाही.' कॅनडातल्या सास्काटूनच्या ओटिस नावाच्या राखणदाराने सगळ्यात सभ्यपणे लिहिलं, की बाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण कुणीही रडलं तरी प्रत पुसायची नाही हे आम्हाला लाइलनेच शिकवलंय.

ही माणसं वाईट नव्हती, हे मला आजही कबूल करावं लागतं आणि आजही राग येतो. त्यातला प्रत्येक जण लोकांच्या खाजगीपणासाठी लढत होता. एका पोरीचा पत्ता गावभर वाटत लढत होता. दुसऱ्या दिवशी तो जवळ राहणारा खरंच बेकरीत गेला, फोन समोर धरून, आणि गल्ल्यावरच्या बाईला म्हणाला, "ती भाची आहे का आत? मी तिच्या हक्कांसाठी आलोय." कारिसा मागच्या दाराने निघाली. पाळी संपायच्या आधी ती कधी निघत नसे.

बुधवारी मी तिच्या खोलीवर गेले तेव्हा पलंगाची चादर काढून घडी घातलेली होती. टेबलावर माझ्या घराची किल्ली होती आणि लाइलने दिलेला फोन होता. दोन ओळीही लिहिल्या नव्हत्या. मी कपाट उघडलं, खिडकीमागे बघितलं, पलंगाखाली वाकले. साठी उलटलेली बाई गुडघ्यांवर बसून पलंगाखाली भाची शोधत होती. मग मी तिथेच बसून मोठ्याने रडले. घरमालकीण दारात येऊन परत गेली.

गुरुवारी मी दुकानात गेले ते कार्यक्रम करायला नाही, बंद करायला. शेवटचं जाऊन राखणदारांना चार शब्द सुनवायचे आणि लाइलला चार, एवढंच मनात होतं. तो दाढी न करता बसला होता. माझ्याकडे बघितलंही नाही. डबा पुढे ओढला, कात्री टाकली, खण्ण, झाकण लावलं. "कात्री डब्यात," म्हणाला, पण नेहमीचा जोर नव्हता. लाल दिवा लागला आणि तेवढ्यात दुकानाच्या दाराची घंटी वाजली.

ब्रेंट आत आला. टोपी काढून हातात घेतली. बुटांचा बर्फ पायपुसणीवर नीट झटकला. तो फार व्यवस्थित माणूस.

"आर्डिस मावशी," तो म्हणाला. "कशा आहात? चालू आहे वाटतं. राहू दे, मी काही लपवण्यासारखं बोलणार नाही."

लाइलने दिव्याकडे हात नेला नाही. मीही नाही.

"मी तुमचा कार्यक्रम नेहमी ऐकतो," तो म्हणाला. "फार पटतं मला. गेल्या महिन्यात मी दारावरचा कॅमेराही काढून टाकला. कुणी आपल्यावर नजर ठेवावी हे मलाही चालत नाही." तो हसला. "कारिसा बेकरीत नाही. खोलीवर नाही. तुमच्या घरी नाही, मी बघितलं."

"माझ्या घरात शिरलास तू?"

"खिडकीतून बघितलं फक्त. मला तिच्याशी दोन शब्द बोलायचेत. नवरा आहे मी तिचा. कुठे आहे ती?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. नीट, सावकाश, जसा कुणी घड्याळ बघतो. मी तोंड फिरवलं नाही. बघ, म्हटलं मनात, वाच काय वाचायचं ते. तिथे काहीच नव्हतं, आणि काही नव्हतं याचंच मला रडू येत होतं, आणि तेही त्याला दिसलं. त्याची खात्री पटली. तो लाइलकडे वळला.

"आणि तुम्हाला?"

लाइल ब्रँडवॉल्डला प्रत्येक गोष्ट माहीत असायची. चंद्रावरच्या खडकांपासून माझ्या गुडघ्यापर्यंत त्याला विचारा, मत तयार. इतक्या भागांत, इतक्या वर्षांत, तो कधी 'मला माहीत नाही' म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. बरोबर नसायचं त्याचं, पण माहीत असायचं.

"मला माहीत नाही," लाइल म्हणाला.

बोलताना त्याने टेबलावरचा एक कागद थोडासा पुढे ओढला. मेणकागद होता तो, बेकरीत असतो तसा, आणि त्याने त्याखाली पावाचा उरलेला तुकडा झाकला. वेणीसारखा गुंफलेला वेलचीचा पाव, वर साखर. ब्रेंटने तिकडे बघितलं नाही. त्याला पावातलं काय कळणार? मला कळलं. बेकरीत तीन पदरांची वेणी घालतात. चार पदरांची वेणी माझ्या आईने मला शिकवली, मी माझ्या बहिणीला आणि मग कारिसाला, आणि या गावात ती दुसरं कुणी घालत नाही.

ब्रेंटने टोपी हातात फिरवली. "सापडेल ती," तो म्हणाला. "तुमच्या ऐकणाऱ्यांचा मोठा आधार आहे मला." टोपी घातली, आम्हाला दोघांनाही शुभेच्छा दिल्या आणि गेला. काचेतून त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं हललो नाही.

लाल दिवा अजून चालू होता. मी हात लांब करून तो बंद केला. तो भाग तसाच वर चढला, एकही शब्द न कापता, आणि राखणदारांनी तो आपापल्या घरी जपून ठेवला. त्यातलं एक वाक्य धडधडीत खोटं होतं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"गेला होतास तू तिच्याकडे," मी म्हणाले. "माफी मागायला."

तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत होता.

"माईक घरी ठेवून गेलास."

"तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"तुझ्या दुकानाच्या व्हॅनने कुठेतरी सोडलंस तिला. पाव दिला तिने तुला. तिच्यामागे कुत्री सोडलीस तू, आणि पाव तुला दिला. मी तिला वाढवली, लाइल. मी. कुठे आहे ती?"

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते त्याचे. त्या क्षणी मी एक हुंदका दिला असता, तर पूर्वीचा लाइल सगळं सांगून मोकळा झाला असता, वर त्यावर आपलं मतही दिलं असतं. मी हुंदका दिला. मुद्दाम नाही, पण दिला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. या वेळी त्याने ते पहिल्यापेक्षा चांगलं म्हटलं.

मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. टेलिफोन कंपनीत जमवलेल्या सगळ्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या, मग मेणकागद बाजूला करून तो पावाचा तुकडा माझ्यासमोर सरकवला. मी तो खाल्ला. वेलची जास्त झाली होती. मी तिला नेहमी सांगायचे.

त्यानंतर कार्यक्रम झाला नाही, पण गुरुवारी मी दुकानात जात राहिले. तो कुणाचा तरी फोन उघडून बसलेला असायचा, मी फ्रिजला आणि फोनला आणि जगाला नावं ठेवायचे, आणि निघताना दारात वळून विचारायचे. तो तेच उत्तर द्यायचा. ब्रेंट पुढे फार्गोत कुणा दुसरीच्या मागे लागला, असं ऐकलं. तिच्यासाठी मला वाईट वाटलं आणि त्याच दमात बरंही वाटलं, हे लपवत नाही. तरी लाइलचं उत्तर बदललं नाही.

या वसंतात तो हॉस्पिटलमध्ये होता, नाकात नळ्या, हाताला सुया. नर्सने मला सांगितलं होतं की फार वेळ नाही. मी खुर्ची जवळ ओढली.

"लाइल," मी म्हणाले, "आता तरी सांग. तू गेलास की मग मी विचारू कुणाला? ती बरी आहे, एवढं तरी सांग."

त्याने डोळे उघडले. मला ओळखलं. ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

मी त्याला हरामखोर म्हटलं आणि त्याचा हात धरून बसून राहिले.